नानकटाईखालचं पत्रक

स्वतः एक दिवसही कोरड्या घशानं न काढता दुसऱ्याच्या उपासाबद्दल तुम्ही आजवर किती बोलला आहात?

उत्तर मला देऊ नका. ते तुमचं तुमच्यापाशी असू द्या. मी विचारते, कारण आमच्या घरी या विषयावर नुसतं बोलणं झालं नव्हतं, छपाई व्हायची वेळ आली होती.

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, कुस्तीच्या मैदानांचे फलक, निवडणुकीतल्या उमेदवारांची आश्वासनं. संध्याकाळी घरी आले की बोटांची शाई घासून काढायचे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी पत्रकं लिहायला बसायचे. दारूवर, जुगारावर, हुंड्यावर, मूर्तिपूजेवर, कोर्टातल्या खोट्या साक्षीवर. पातळ कागदाची, फुकट वाटायची पत्रकं. त्यांच्या बिघडलेल्या प्रती, कुठे शाई फासलेली, कुठे ओळ वाकडी आलेली, गठ्ठ्यानं घरी येत. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली असत, माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं असत, खिडकीच्या फटीत वारा अडवायला पत्रकांच्या घड्या असत. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. दारूचे दुष्परिणाम मला तोंडपाठ होते आणि दारू कुठल्या रंगाची असते हे ठाऊक नव्हतं.

हे सांगताना हसू येतं, पण मी चेष्टा करत नाही. पत्रकावर माझा आजही विश्वास आहे. पुढं कॉलेजात मी दुसऱ्या तऱ्हेची पत्रकं वाचली, फीवाढीवरची, गावाबाहेरच्या पाणवठ्यावरची, गिरणीच्या दारात वाटलेली. आता मी स्वतः लिहिते. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून "हे चुकतंय" असं सांगायची हिंमत ज्याच्यात नाही, त्यानं लेखणी हातात घेऊ नये असं माझं मत आहे, आणि ते बदलायला मी तयार नाही.

वडिलांच्या पत्रकांत हिंमत भरपूर होती. उणीव दुसरी होती. ती वाचणारा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. चैत्रात ते जोतिबाच्या डोंगरावर यात्रेत वाटायला जायचे आणि संध्याकाळी डोक्यापासून चपलांपर्यंत गुलालानं लाल होऊन परत यायचे. लोक कागद घेत, हसत, त्यात खोबऱ्याचे तुकडे बांधत आणि पुढं जात.

"काय म्हणाली लोकं?" आई विचारायची.

"घेतलं सगळ्यांनी," वडील समाधानानं सांगायचे.

आई कुरुंदवाडची. तिचे वडील तिथं शाळेत मास्तर होते. आई-वडील लवकर गेले. एकुलता भाऊ रेल्वेत लागला, दूर गेला आणि हळूहळू बहिणीला विसरला. राहतं घर भाड्याचं होतं, ते दुसऱ्या कुणाचं झालं. लग्न होऊन परगावी आलेल्या बाईला आजारपणात, बाळंतपणात, नवऱ्याशी भांडण झाल्यावर जायला एक दार लागतं. आईचं ते दार आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. बेकरीचं दार.

बेकरीवाला मुसलमान, कुरुंदवाडचाच, आईच्या लहानपणच्या शेजारचा. कुरुंदवाड म्हणजे कानडी मुलखाला लागून, तिकडं थोरल्या भावाला आण्णा म्हणतात. आई त्याला आण्णा म्हणायची. तो तिला, वयानं धाकटी असूनही, आक्का म्हणायचा. आम्हा मुलांचा तो मामा आणि त्याची बायको मामी. माझ्या वडिलांना तो नावानं हाक मारत नसे. गावच्या मुलीचा नवरा, म्हणून जावई. "या जावई, बसा जावई, जावयाला चहा आणा." ईद झाली की शिरखुर्म्याच्या डब्यावर ठेवून आईला खण यायचा. मामी स्वतः घेऊन यायची आणि म्हणायची, "माहेरचं हाय, न्हाय म्हणू नको." आई कधी नाही म्हणाली नाही. तो खण ती शिवायला टाकायची आणि नाताळच्या उपासनेला तीच चोळी घालून जायची.

मामाच्या घरी सगळे रोजे धरतात हे बघून लहानपणी आईनंही हट्टानं एक रोजा धरला होता. ती ते रंगवून सांगायची. "दुपारी इसरले आन चिंच खाल्ली. खाल्ल्यावर आठवलं. मग बसले रडत. आण्णाची आई म्हणाली, इसरून खाल्लं तर चालतंय पोरी, पुढं चालू ठेव. मी म्हटलं, मग अजून एकदा इसरू का?"

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात उपासाचं फारसं काही नव्हतं. होता तो उपासाबद्दलचा अभिमान, म्हणजे न करण्याचा अभिमान. देवाची कृपा कमवायची नसते, ती मिळते, असं आमचे पाळक सांगायचे. ते मला आजही पटतं. पण त्या पटण्याच्या आडून आम्ही शेजाऱ्याच्या ताटाकडे कसं बघत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी सातवीत होते. त्या साली नाताळ रोज्यांच्या महिन्यात आला. मंडळीच्या पंचांपैकी एक वयस्क गृहस्थ होते, पत्रकांचा खर्च तेच बघायचे. ते वडिलांना म्हणाले, "अशी संधी पुन्हा येणार नाही. नाताळच्या सकाळी मंडईच्या तोंडाशी उभं राहून वाटू. उपासावर लिहा." वडिलांनी लिहिलं. नाव होतं 'खरा उपास'. आधी बिघडलेल्या प्रती घरी आल्या, नेहमीसारख्या, आणि माळ्यावर गेल्या. चांगल्या प्रती छापायच्या बाकी होत्या.

आता बेकरीची रीत सांगायला हवी. नाताळच्या आधी आमच्या वस्तीतल्या बायका करंज्या, चकल्या, शंकरपाळी घरात करत. नानकटाई मात्र भट्टीशिवाय होत नाही. म्हणून पीठ मळून, गोळे वळून बेकरीत न्यायचे, आणि बेकरीच्या लोखंडी ट्रेमध्ये मांडून भाजून आणायचे. ट्रेमध्ये अंथरायला कागद ज्याचा त्यानं आणायचा. कुणी वर्तमानपत्र आणी, कुणी दुकानाच्या पुड्यांचे कागद. आमच्या घरातून काय जायचं हे सांगायला नको. मामाला त्याची मजा वाटायची. गरम नानकटाई उचलून घेताना तो खालचं वाचायचा आणि ओरडायचा, "आक्का, जुगाराचं पत्रक हाय. आमच्या गल्लीत चिकटवू का?" आणि प्रत्येक घराच्या ट्रेमधली एक नानकटाई भट्टीचा वाटा म्हणून त्याची असे. ती तो तिथंच मोडायचा, फुंकर घालून खायचा आणि सगळ्या बायकांसमोर निकाल द्यायचा.

आईनं माळ्यावरून वरचा गठ्ठा काढला. वाचला नाही. पत्रकांच्या घरात पत्रकं कुणी वाचत नाही.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. भट्टी पेटलेली, एकीकडं रोजा सोडायच्या वेळेसाठी पावाचे ढीग, दुसरीकडं आमच्या वस्तीतल्या बायकांच्या पराती.

"आवाज का बसलाय रं आण्णा?" आईनं विचारलं.

"घसा बंद, दुकान चालू," मामा म्हणाला.

आमच्या शेजारची एक बाई म्हणाली, "यंदा बरं हाय बाई. ह्यास्नी चाखता येत न्हाय. कुणाच्या नानकटाईला नावं ठेवायची सोय न्हाय."

"नावं ठेवायला जीभ लागती वैनी, चव लागत न्हाय," मामा म्हणाला. "तुमची भाजायच्या आधीच सांगतो, दात सांभाळा."

बायका हसल्या. ती बाईही हसली. आईनं ट्रेमध्ये कागद अंथरले, गोळे मांडले, आणि जाताना मामाला बजावलं, "तुजा वाटा वैनीकडं ठेव. दिस बुडल्यावर खा. खाऊन निकाल सांग."

"सांगतो की. तुला मी सोडलंय का कवा?"

गर्दी असल्यामुळं भाजलेलं नंतर पाठवतो म्हणाला. आम्ही घरी आलो.

दिवस कलताना मामी डबा घेऊन आली. एरवी ती उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच बोलायला लागायची. त्या दिवशी डबा दारात ठेवला, "भट्टीवर गर्दी हाय" म्हणाली आणि गेली. आईनं डबा उघडला. वरच एका पुडीत एक नानकटाई वेगळी बांधलेली होती. मामाचा वाटा. तो परत आला होता. आणि पुडीखाली, एरवी भट्टीत जळायला जाणारे ट्रेमधले कागद, घडी घालून ठेवलेले. तपकिरी झालेले, तुपाचे गोल डाग पडलेले. डागांच्या जागी अक्षरं उलट जास्तच ठळक दिसत होती.

आईनं पहिल्यांदाच नवऱ्याचं पत्रक वाचलं, उभ्या उभ्या. मीही तिच्या दंडाआडून वाचलं. एक वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि रात्री पोट फुटेस्तोवर खायचं, हा उपास देवापर्यंत पोहोचत नाही.

"माझं माहेर गेलं," आई म्हणाली. रडली नाही. कागद तिनं वडिलांच्या खुर्चीवर ठेवले.

वडील आले, बसायला गेले आणि थांबले.

"हे इथं कसं?"

"ट्रेत घातलं मी. आण्णानं वाचलं. वाटा परत आलाय."

वडिलांनी कागद उचलून पाहिला. मग त्यांनी जे म्हटलं ते मी नंतर आयुष्यात पुष्कळ लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, शिकल्यासवरल्या, सभ्य, विचारी लोकांच्या. ते म्हणाले, "हे त्याच्याबद्दल नाही. हे प्रथेबद्दल आहे."

"मग त्या प्रथेनंच वाटा परत पाठवला म्हणायचा," आई म्हणाली.

"जे खरं वाटलं ते लिहिलं. खोटं असेल तर दाखव."

"मी कशाला दाखवू? मी काय रोजं धरतीया? ज्याच्याबद्दल लिवलंय त्याच्याम्होरं उभं राहा आन वाचा. पयल्यापास्नं शेवटापत्तर. त्यो म्हणाला खरं हाय, तर मी सोता मंडईत उभं राहून वाटीन. न्हाय म्हणाला, तर मला माझं माहेर परत आणून द्या."

"जातो," वडील म्हणाले. "खरं बोलायला भ्यायचं कशाला?"

हे ते तोऱ्यात म्हणाले असं समजू नका. वडील भित्रे नव्हते, आणि लबाडही नव्हते. आपण लिहिलेलं खरं आहे याची त्यांना खात्री होती. म्हणून तर मला ते आवडायचे.

दुसऱ्या दिवशी नाताळची आदली संध्याकाळ. छापखाना लवकर सुटला. वडिलांनी कोट घातला. उपासनेला घालायचा तो कोट. आईनं डबा घेतला, त्यात ती पुडी तशीच. मला घरी बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मीही गेले.

मामा भट्टीच्या तोंडाशी होता. त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, "या पावणं."

जावई म्हणाला नाही. अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणतात तसं पावणं म्हणाला. आईनं डबा छातीशी धरला.

"वाचून दाखवायला आलोय," वडील म्हणाले.

"मी वाचलंय की."

"लिहिलं मी आहे. माझ्या तोंडून ऐका."

मामानं खांद्यावरच्या फडक्यानं मान पुसली. "वाचा. पाव निघस्तोवर येळ हाय."

वडील वाचायला लागले. त्यांचा वाचायचा आवाज वेगळा होता, चौकात उभं राहून दहा माणसांना ऐकू जाईल असा. बेकरीच्या त्या लहान खोलीत तो फार मोठा वाटला. पहिल्या परिच्छेदात उपासाचा देखावा करणाऱ्या आणि तराजूत खोट करणाऱ्या माणसाबद्दल होतं. मामा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "हे आमच्या मेव्हण्याला वाचून दाखवा. अगदी त्याच्याच मापाचं हाय."

बेकरीमागच्या घराच्या पडद्याआडून मामीचा आवाज आला, "माझ्या भावाला मधी आणायचं काम न्हाय!"

आईला हसू फुटलं आणि तिनं ते लगेच गिळलं. वडील पुढं वाचू लागले. पण त्यांचा घसा सुकला. दिवसभर छापखान्यातली शिशाची धूळ, त्यात भट्टीची धग. ते खोकले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकले. पडदा थोडा हलला आणि मामीचा हात बाहेर आला. हातात तांब्या.

"पानी घ्या आधी. मग वाचा."

वडिलांनी तांब्या घेतला. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पत्रक. पुढचं वाक्य कुठलं होतं ते मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. वडिलांनी कागदाकडं बघितलं, मग मामाकडं. मामाचे ओठ पांढरे पडून चिरले होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सकाळपासून आगीसमोर उभा होता तो माणूस, आणि त्याच्या घरातलं पाणी माझ्या वडिलांच्या हातात होतं.

त्यांनी तांब्या फळीवर ठेवला. न पिता.

"वाचा की," मामा म्हणाला.

वडिलांनी ते वाक्य वाचलं. या वेळी चौकातल्या आवाजात नाही. शेजारच्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मामानं फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "पोचत न्हाय म्हणताय."

वडिलांनी होकारार्थी मान हलवली.

"ते तुमास्नी कुणी सांगितलं?"

यात टोमणा नव्हता. गावाकडं पाठवलेला निरोप पोचला की नाही याची चौकशी करावी, तसं त्यानं विचारलं. वडिलांना खरंच काही माहीत असेल, असं क्षणभर त्याला वाटलं असावं. 

"कुणी सांगितलं नाही," वडील म्हणाले. "मीच लिहिलं."

"आन पोट फुटेस्तोवर? काल रोजा सोडून आमी काय खाल्लं, इचारा हिला."

"पिठलं," पडद्याआडून उत्तर आलं.

"पिठलं-पाव खाऊन आडवं झालो. सण तुमचा, भट्टी आमची. जेवाय येळ कुठला?" मग म्हणाला, "ईदेला मातर खातो. दाबून खातो. ते लिवा. ते खरं हाय."

वडिलांच्या वरच्या खिशात नेहमी एक पेन्सिल असे, खिळ्यांच्या चुका काढायची. त्यांनी ती काढली, कागद फळीवर ठेवला आणि ते वाक्य खोडलं. मग त्याच्या वरचं वाचलं, तेही खोडलं. मग खालचं. मग पेन्सिल धरून नुसतेच उभे राहिले. तेवढं गेल्यावर पत्रकात मेव्हण्याशिवाय काही उरत नव्हतं.

"एवढी खोडाखोड असली की छापखान्यात आम्ही काम परत पाठवतो," ते म्हणाले.

मामानं भट्टीतून पावाचा ट्रे ओढला. "पानी प्या. तुमाला काय बंधन न्हाय."

"माहीत आहे. थांबतो. बांग होऊ दे."

हे लिहिताना मला सावध राहिलं पाहिजे. वडिलांनी रोजा धरला नव्हता. दुपारी ते व्यवस्थित जेवले होते. त्यांनी कुठला धर्म सोडला नाही, कुठला घेतला नाही. त्यांना फक्त त्या माणसाच्या आधी पाणी प्यायचं नव्हतं. एवढंच.

पण नुसतं उभं राहून वेळ जाईना. पाव न्यायला माणसांची रांग लागली. मामा एकटाच. वडिलांनी कोट काढून खिळ्याला अडकवला आणि पाव बांधायला लागले. खिळे जुळवणारी बोटं ती, कागद, दोरा, गाठ, पुढचा. गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "काय, छापखाना बंद पडला व्हय?"

"नाही. इथं हात कमी पडत होते."

"मग आमच्याकडं बी या. म्हशीची धार काढायची हाय."

आई तोपर्यंत आत मामीकडं गेली होती. त्या दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. मग दिवस बुडाला आणि मशिदीत बांग झाली. मामी ताट घेऊन बाहेर आली, खजूर, भजी, पाणी. मामानं पुटपुटून खजूर तोंडात टाकला, पाणी प्याला, डोळे मिटून प्याला. नंतर वडील तो फळीवरचा तांब्या प्याले. सगळा.

मग मामानं आईकडं न बघता हात पुढं केला. "आण माझा वाटा."

आईनं डबा उघडला नाही. डोळे वटारून म्हणाली, "काल परत पाठवलास. मला काय वाटलं आसंल? एक डाव तरी इचार केलास?"

"तुला न्हाय परत पाठवला आक्का. त्या कागदावरचं खायला जीव झाला न्हाय."

"तोंडानं सांगायचं की मग!"

"तोंड उघडलं आसतं तर तुझ्या नवऱ्याला शिव्या दिल्या आसत्या. रोज्यात शिव्या देत न्हाईत."

आईनं पुडी सोडली. त्यानं नानकटाई मोडली, चावली, चावतच राहिला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. वडीलसुद्धा.

"तूप बरं हाय," मामा शेवटी म्हणाला. "पण जावयाच्या घरात साखर कमी पडलीया."

आई मटकन पिठाच्या पोत्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मामी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "गप, गप, पीठ लागतंय नव्या लुगड्याला." आईचं माहेर परत आलं होतं. मामा मात्र एवढ्यावर थांबला नाही. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आला आणि वडिलांना म्हणाला, "जावई, एक ध्येनात ठेवा. फुडच्या टायमाला लिवायच्या आधी या. लिवून झाल्यावर न्हाय."

नाताळच्या सकाळी उपासना सुटल्यावर पंचांनी विचारलं, "पत्रकं कुठं आहेत?"

"छापली नाहीत."

"घाबरलात?"

"नाही. वाचून दाखवलं."

"मग?"

"छापण्यासारखं काही उरलं नाही."

पंचांना हे आवडलं नाही. मंडळीच्या पत्रकांचं काम वडिलांच्या हातून गेलं. पुढच्या वर्षी उपासावरचं पत्रक निघालंच. दुसऱ्या कुणी लिहिलं, दुसऱ्या कुणी वाटलं. छापायला ते वडिलांच्याच छापखान्यात आलं तेव्हा त्यांनी मालकांना सांगितलं, याचे खिळे दुसऱ्याला जुळवू द्या. मालकांनी ऐकलं. म्हणजे एक पत्रक थांबलं आणि दुसरं निघालं. जग बदललं असं मी सांगणार नाही. पत्रक वाटणारे आमच्यातले होते आणि ते वाईट नव्हते. ते एवढंच मानत होते की आपण प्रथेबद्दल बोलतोय.

काही वर्षांनी वडील पुन्हा लिहायला लागले, पण नवी सवय लावून घेऊन. लिहिलेलं आधी ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडं घेऊन जायचं. दारूचं पत्रक त्यांनी गुत्त्यासमोर बसलेल्या माणसांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या आणि एक वाक्य आणखी कडक करायला सांगितलं. हुंड्याचं पत्रक त्यांनी आमच्याच मंडळीतल्या एका सासऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं दार लावून घेतलं. ते पत्रक वडिलांनी एका अक्षराचा बदल न करता छापलं. वाचून दाखवणं म्हणजे नमतं घेणं नव्हे, हे मला तिथं कळलं. खरं वाक्य तोंडावर वाचता येतं. वाचताना तुमचा आवाज पडला, तर चूक बहुतेक वाक्यातच असते.

आजकाल ऐक्याच्या सभा होतात. ईदेला सगळ्या धर्मांचे पुढारी शिरखुर्मा खातात, फोटो निघतात. मला त्यांचा राग येतो. शिरखुर्मा गोड असतो, तो कुणीही खाईल. त्याच्या आधीच्या महिन्यात तुमच्या घरात, तुमच्या देवळात, तुमच्या चर्चच्या आवारात त्या उपाशी माणसांबद्दल काय बोललं जातं, ते सांगा.

मामा आता नाही. बेकरी त्याची मुलगी आणि तिचा नवरा चालवतात. मामी आहे. ईदेचा खण अजून येतो, आता तो आणायला मामीला चालवत नाही, म्हणून आईच जाऊन घेऊन येते आणि तिथं जेवूनच परत येते.

तुम्हाला एक काम करायला सांगते. येत्या रोज्यांच्या महिन्यात, तुमच्या घरात रोज्यांबद्दल सहज बोललं जाणारं एक वाक्य कागदावर लिहा. तुम्ही ख्रिस्ती असाल तर आधी लिहा, हिंदू असाल तरी लिहा. मग दिवस मावळायच्या थोडं आधी, रोजा धरलेल्या ओळखीच्या एका माणसाकडं जा आणि त्याच्या तोंडाकडं बघून ते मोठ्यानं वाचा. वाचता आलं, तर खुशाल छापा. नाही वाचता आलं, तर तिथंच खोडा, आणि बांग होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.